शास्त्रीय बॅले आणि कृष्णवर्णीय नर्तक: ‘पहिल्या’ ठरलेल्यांच्या आधीचा आणि नंतरचा इतिहास

३० जून २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन बॅले थिएटर’ या कंपनीने मिस्टी कोपलंड यांना ‘प्रिन्सिपल’ म्हणजे प्रमुख नर्तिकेचा दर्जा दिला आणि कंपनीच्या पंचाहत्तर वर्षांच्या इतिहासात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. ही बातमी जगभर पोहोचली. ती खरी होती आणि महत्त्वाचीही होती. पण ती वाचणाऱ्या अनेकांचा असा समज झाला की कृष्णवर्णीय स्त्रिया शास्त्रीय बॅलेत नुकत्याच येऊ लागल्या आहेत. वस्तुस्थिती अशी की ह्यूस्टन बॅलेने लॉरेन अँडरसन यांना १९९० मध्ये, आणि पेनसिल्व्हेनिया बॅलेने डेब्रा ऑस्टिन यांना त्याच्याही आठ वर्षे आधी, १९८२ मध्ये, हाच दर्जा दिला होता. मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर तर जॅनेट कॉलिन्स १९५१ मध्येच प्रमुख नर्तिका म्हणून उभ्या राहिल्या होत्या. सहा दशकांहून अधिक काळ दर वेळी कोणीतरी नव्याने ‘पहिली’ ठरत राहते, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच होतो की एकीसाठी उघडलेले दार तिच्यामागे पुन्हा बंद झाले. ते का बंद होत राहिले, हे समजण्यासाठी बॅलेची कंपनी कशी चालते हे आधी पाहावे लागेल.

बॅलेचा उगम इटलीच्या राजदरबारांत झाला, फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची अकादमी स्थापन केल्यावर त्याला शिस्तबद्ध व्याकरण मिळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेंट पीटर्सबर्गमध्ये नृत्यरचनाकार मारियस पेतिपा यांच्या हाताखाली त्याचे आज आपण ज्याला ‘शास्त्रीय’ म्हणतो ते रूप पक्के झाले. कंपनीत नर्तकांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. बहुसंख्य नर्तक ‘कोर द बॅले’त, म्हणजे समूहात असतात, त्यांतले काही सोलोइस्ट, म्हणजे एकल नृत्ये करणारे, होतात आणि मोजकेच प्रिन्सिपल. शिक्षण साधारण आठव्या-दहाव्या वर्षी सुरू होते, मुलींना पायाच्या अंगठ्यावर उभे राहण्यासाठीचे पॉइंट शूज अनेक वर्षांच्या तयारीनंतर मिळतात, कंपनीत प्रवेश सतरा-अठराव्या वर्षी होतो आणि चाळिशीच्या आसपास बहुतेकांची कारकीर्द संपते. म्हणजे एखाद्या मुलीला अठराव्या वर्षी वर्णामुळे नाकारले, तर ती दहा वर्षांनी काळ बदलल्यावर परत येऊ शकत नाही. अन्यायाची दुरुस्ती त्या व्यक्तीच्या वाट्याला येतच नाही, ती पुढच्या पिढीच्या वाट्याला येते. या क्षेत्रातला वर्णभेद विशेष क्रूर ठरतो तो या कारणामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्याला ‘शुभ्र अंक’ म्हणता येईल असा या नृत्यनाट्यांचा भाग. १८४१ च्या ‘जिझेल’चा दुसरा अंक, ‘स्वान लेक’मधील सरोवराकाठचे प्रवेश आणि १८७७ च्या ‘ला बायादेर’मधील छायांचा प्रवेश यांत पांढऱ्या पोशाखातील वीस-तीस स्त्रिया एकाच रेषेत, एकाच कोनात मान झुकवून, एकाच श्वासात हालतात आणि त्या एकसारखेपणातूनच त्या दृश्याचा परिणाम साधतो. हा एकसारखेपणा हालचालीचा असावा, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु तो त्वचेच्या रंगाचाही असला पाहिजे, असे कोणत्याही संहितेत लिहिलेले नसताना गृहीत धरले गेले आणि ‘एक सावळा चेहरा आला की प्रेक्षकाचे लक्ष तिकडेच जाते’ हे कारण सौंदर्यदृष्टीच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पुरुष नर्तकांवर हे बंधन तितके कडक नव्हते, कारण शुभ्र अंक प्रामुख्याने स्त्रियांचा असतो. मोठ्या कंपन्यांत कृष्णवर्णीय पुरुष स्त्रियांच्या कितीतरी आधी वर पोहोचले, याचे एक मोठे कारण माझ्या मते हेच आहे. याच्या जोडीला शरीराविषयीचे दावे होते: कृष्णवर्णीयांचे तळपाय सपाट असतात, नितंब जड असतात, त्यांचे शरीर बॅलेच्या रेषेला अनुकूल नसते. हे दावे करणाऱ्यांनी बहुधा एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला दहा वर्षे शिकवून पाहिलेले नसे.

जॅनेट कॉलिन्स यांचा जन्म १९१७ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये झाला आणि त्या लॉस एंजेलिसमध्ये वाढल्या. किशोरवयात त्यांनी बॅले रूस द मोंते कार्लो या नामांकित कंपनीसाठी चाचणी दिली. नृत्यरचनाकार लेओनिद मासीन यांना त्यांचे नृत्य आवडले. मात्र कंपनीत घ्यायचे तर रंगमंचावर चेहरा पांढरा रंगवावा लागेल, असे त्यांनी सांगितले. कॉलिन्स यांनी नकार दिला. पुढे १९५१ मध्ये नृत्यरचनाकार झॅकरी सोलोव्ह यांनी त्यांना मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रमुख नर्तिका म्हणून आणले आणि ‘आयडा’मधून त्या रंगमंचावर आल्या. कृष्णवर्णीय गायिका मारियन अँडरसन त्या रंगमंचावर १९५५ मध्ये गायल्या, हे लक्षात घेतले तर त्या वास्तूतील वर्णभिंत गायनाच्या आधी नृत्याने ओलांडली होती, असे म्हणावे लागते. तरीही कंपनी दौऱ्यावर निघाली की दक्षिणेकडील काही शहरांत वर्णभेदाच्या कायद्यांमुळे कॉलिन्स यांना नाचता येत नसे आणि त्यांच्या जागी दुसरी नर्तिका उभी राहत असे.

ज्या कंपनीने कॉलिन्स यांच्यासमोर पांढऱ्या रंगाची अट ठेवली, त्याच बॅले रूस द मोंते कार्लोत १९५५ मध्ये रेव्हन विल्किन्सन दाखल झाल्या. त्याआधीच्या चाचण्यांत त्यांना नाकारले गेले होते. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या विल्किन्सन यांचा वर्ण इतका उजळ होता की त्या कृष्णवर्णीय आहेत हे अनेकांच्या लक्षात येत नसे. त्यांनी ते उगाच जाहीर करू नये, अशी अपेक्षा होती आणि चेहऱ्यावर पांढरा मेकअपही लावावा लागत असे. दोन वर्षे हे निभावले. १९५७ मध्ये अटलांटातील एका हॉटेलात मात्र त्यांना तोंडावर विचारण्यात आले की तुम्ही कृष्णवर्णीय आहात का. एका शब्दाच्या नकाराने प्रसंग टळला असता, पण आपल्या माणसांना नाकारण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी खोटे सांगितले नाही आणि त्यांना ते हॉटेल सोडावे लागले. अलाबामातील मॉन्टगोमेरी येथे कू क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या संघटनेची दोन माणसे थेट रंगमंचावर चढली आणि ‘ती काळी कुठे आहे’ असे विचारू लागली. एकाही नर्तकाने उत्तर दिले नाही. ती माणसे अखेर निघून गेली.

विल्किन्सन यांच्या कहाणीतील याहून बोचणारा भाग कंपनीच्या आत घडला. त्या सोलोइस्ट झाल्या, ‘ले सिल्फिद’मधील वॉल्ट्झचे एकल नृत्य त्यांना मिळाले, आणि मग कंपनीतल्याच एका नृत्यशिक्षिकेने त्यांना सुचवले की इथे तुम्ही जाऊ शकत होता तिथवर पोहोचला आहात, आता बाहेर पडून आफ्रिकी नृत्याची शाळा काढावी. आयुष्यभर बॅलेच शिकलेल्या व्यक्तीला हा सल्ला होता. १९६१ मध्ये त्यांनी कंपनी सोडली, त्यानंतर अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या बॅले कंपनीने त्यांना घेतले नाही आणि काही काळ त्या एका ख्रिस्ती मठात जाऊन राहिल्या. त्यांना पुन्हा बॅलेत आणले ते सिल्व्हेस्टर कॅम्पबेल या कृष्णवर्णीय नर्तकाने. अमेरिकेत संधी नसल्याने ते युरोपात गेले होते आणि डच नॅशनल बॅलेत नाचत होते. त्यांच्या सांगण्यावरून विल्किन्सन १९६७ मध्ये नेदरलँड्सला गेल्या आणि १९७४ पर्यंत तिथे नाचल्या.

कॅम्पबेल यांच्यासारखे नर्तक तयार कुठे झाले, हा प्रश्न इथे विचारायला हवा, कारण गोऱ्यांच्या बॅले शाळांत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश सहसा मिळत नसे. उत्तर म्हणजे कृष्णवर्णीय शिक्षिकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या शाळा. वॉशिंग्टनमध्ये डोरिस जोन्स आणि क्लेअर हेवूड यांनी १९४१ मध्ये सुरू केलेली जोन्स-हेवूड शाळा आणि फिलाडेल्फियात मॅरियन कायजेट यांनी १९४८ मध्ये सुरू केलेली ज्युडिमार शाळा ही त्यांतली दोन प्रमुख नावे. या शिक्षिकांपुढे अवघड प्रश्न होता: ज्या विद्यार्थ्याला कोणतीही कंपनी घेणार नाही हे ठाऊक आहे, त्याच्याकडून तीच कठोर साधना करून घ्यायची का? त्यांनी ती करून घेतली. बॅलेच्या इतिहासात या शाळांना फार थोडी जागा मिळते, हे मला अन्यायकारक वाटते.

बॅलेत अमेरिकी परंपरा उभी करणाऱ्यांच्या मनातही वेगळा विचार एकदा येऊन गेला होता. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीन यांना अमेरिकेत आणू पाहणारे लिंकन कर्स्टीन यांनी जुलै १९३३ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात नियोजित शाळेची कल्पना मांडली आहे. तीत चार गोऱ्या मुली, चार गोरे मुलगे आणि तितकेच म्हणजे आठ कृष्णवर्णीय विद्यार्थी असावेत असे म्हटले आहे. जानेवारी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शाळा प्रत्यक्ष सुरू झाली, तेव्हा त्यातला निम्मा वाटा गळून गेलेला होता. बॅलन्शीन यांच्या रचनांत मात्र कृष्णवर्णीय अमेरिकी नृत्याचा अंश उतरत राहिला. पुढे सरकवलेली कंबर, तालाच्या आघाताआधीच पडणारे पाऊल, जॅझची चपळाई हे सारे त्यांनी जोसेफिन बेकर, कॅथरिन डनहॅम यांच्यासारख्या कलावंतांबरोबर काम करताना जवळून पाहिले होते. कृष्णवर्णीय शरीर बॅलेला मानवत नाही असे म्हटले जात असतानाच त्या शरीरांच्या हालचालींनी अमेरिकी बॅले घडत होता.

हार्लेम या न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जन्मलेले आर्थर मिचेल याच शाळेत १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर आले, १९५५ मध्ये बॅलन्शीन यांच्या न्यूयॉर्क सिटी बॅलेत दाखल झाले आणि १९६२ पर्यंत प्रिन्सिपल झाले. १ डिसेंबर १९५७ रोजी सादर झालेल्या ‘अगॉन’मध्ये, स्त्राविन्स्की यांच्या संगीतावर, बॅलन्शीन यांनी मिचेल आणि गोऱ्या नर्तिका डायना अ‍ॅडम्स यांच्यासाठी युगुलनृत्य रचले. त्यात कृष्णवर्णीय पुरुषाचा हात गोऱ्या स्त्रीच्या घोट्यावर, मांडीवर, कंबरेवर उघडपणे येतो आणि दोन वर्णांमधला फरक झाकण्याऐवजी रचनेतच वापरला जातो. अमेरिकेच्या अनेक राज्यांत तेव्हा असा आंतरवर्णीय विवाह हा गुन्हा होता. हे युगुलनृत्य मिचेल यांच्यासह अमेरिकेच्या व्यावसायिक दूरचित्रवाणीवर दिसायला १९६८ साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. मिचेल तेव्हा ब्राझीलमध्ये राष्ट्रीय बॅले कंपनी उभारण्याच्या कामात गुंतले होते. त्यांनी ठरवले की जे करायचे ते हार्लेममध्येच करायचे. वर्ग एका गॅरेजमध्ये भरू लागले. उन्हाळ्यात दारे उघडी ठेवली जात, येणारीजाणारी मुले थांबून पाहत आणि आत येत. काही आठवड्यांतच विद्यार्थ्यांची संख्या तिसांवरून चारशेपर्यंत गेली. १९६९ मध्ये मिचेल यांनी आपले गुरू कारेल शुक यांच्यासह ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ची औपचारिक स्थापना केली आणि जानेवारी १९७१ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयात कंपनीचा पहिला मोठा प्रयोग झाला.

या कंपनीने शरीराविषयीच्या दाव्यांना वादविवादाने नव्हे, तर सादरीकरणाने उत्तर दिले. बॅलन्शीन यांच्या अवघड रचना कृष्णवर्णीय नर्तकांचा संपूर्ण संच करू लागला, तेव्हा तळपायांच्या गोष्टी सांगायला जागा उरली नाही. १९८४ मधील ‘क्रिओल जिझेल’ ही मला त्यांची सर्वांत विचारपूर्वक केलेली निर्मिती वाटते. मूळ नृत्यरचना तशीच ठेवून कथा १८४० च्या दशकातील लुइझियानात, स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या समाजात नेली. मूळ कथेत खेडवळ मुलगी आणि सरदार यांच्यात दरी आहे. इथे कोणाचे कुटुंब गुलामगिरीतून किती पिढ्यांपूर्वी सुटले यावर प्रतिष्ठा ठरते आणि तीच दरी अधिक खोल होते. प्रयोग बसवला फ्रेडरिक फ्रँकलिन यांनी, जे स्वतः एकेकाळी बॅले रूस द मोंते कार्लोचे प्रमुख नर्तक होते, आणि जिझेल साकारली व्हर्जिनिया जॉन्सन यांनी. पैशांची चणचण मात्र कंपनीची पाठ सोडत नव्हती. २००४ मध्ये वीस लाख डॉलरहून अधिक कर्जामुळे प्रयोग थांबले, शाळा तेवढी चालू राहिली आणि २०१२ मध्ये जॉन्सन यांच्याच कलादिग्दर्शनाखाली कंपनी पुन्हा उभी राहिली.

हार्लेमच्या या कंपनीने केलेला एक बदल बाहेरून अगदी किरकोळ वाटेल: टाइट्स (पायांना घट्ट बसणारे लांब मोजे) आणि शूजचा रंग. बॅलेत गुलाबी टाइट्स आणि गुलाबी सॅटिनचे शूज वापरतात ते गोऱ्या पायाची रेषा कंबरेपासून अंगठ्यापर्यंत अखंड दिसावी म्हणून. कृष्णवर्णीय नर्तिकेच्या अंगावर तोच गुलाबी रंग उलटे काम करतो, कारण हात आणि चेहरा एका रंगाचे, पाय दुसऱ्या रंगाचे दिसतात आणि शरीर मधोमध तुटते. सत्तरच्या दशकात मिचेल यांच्या नर्तिकांनी आपापल्या त्वचेच्या रंगाचे टाइट्स आणि शूज घालायला सुरुवात केली, आणि ही कंपनीची ओळखच बनली. पण असे शूज बाजारात मिळत नव्हते. त्यामुळे नर्तिका स्वतः ते रंगवत. आपल्या त्वचेशी जुळणारे फाउंडेशन शोधायचे, स्पंजवर घेऊन सॅटिनवर थापायचे, शिवणीत आणि टाचेच्या कडेला नीट भरायचे, रिबिनी आणि इलॅस्टिकसुद्धा रंगवायचे आणि वाळू द्यायचे; सॅटिन रंग शोषून घेते म्हणून अनेकदा दुसरा हात द्यावा लागतो. पॉइंट शूज लवकर मऊ पडतात. मोठ्या भूमिकेत एक जोड एका प्रयोगात संपू शकतो. म्हणजे हे काम कारकीर्दभर, जवळजवळ रोजचे. गोरी नर्तिका ज्या वेळात विश्रांती घेते किंवा सराव करते, त्या वेळात तिची सहकारी स्वतःच्या खर्चाने शूज रंगवत असते. लंडनच्या ‘फ्रीड’ या प्रसिद्ध उत्पादकाने ‘बॅले ब्लॅक’ या कृष्णवर्णीय नर्तकांच्या कंपनीच्या सहकार्याने तपकिरी आणि कांस्य रंगाचे पॉइंट शूज बाजारात आणले ते २०१८ मध्ये. फ्रीडची स्थापना १९२९ ची आहे.

शूजपेक्षा मोठा अडसर शिक्षणाच्या खर्चाचा. दहा वर्षांची फी, उन्हाळी शिबिरे, प्रवास हे सारे पालकांच्या खिशातून होत असेल, तर गरीब घरातले मूल वर्णाचा प्रश्न येण्याआधीच गळते. कार्लोस अकोस्टा यांचे उदाहरण इथे बोलके आहे. हवानातील एका ट्रकचालकाचा हा मुलगा. मुलगा वाया जाऊ नये आणि शाळेत जेवण मिळावे म्हणून वडिलांनी त्याला बॅले शाळेत घातले, कारण क्युबात हे शिक्षण सरकार मोफत देत असे. १९९० मध्ये त्यांना प्री द लोझान स्पर्धेचे सुवर्णपदक मिळाले, १९९८ मध्ये ते लंडनच्या रॉयल बॅलेत आले आणि तिथले पहिले कृष्णवर्णीय प्रिन्सिपल झाले. २०२० पासून ते बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचे संचालक आहेत. मिस्टी कोपलंड यांनाही पहिला धडा तेराव्या वर्षी, मुलांसाठी चालणाऱ्या एका सामाजिक क्लबमधील मोफत वर्गात मिळाला. बॅलेच्या हिशेबात हे वय फार उशिराचे. तरी त्या २००१ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरच्या समूहात आल्या, सुमारे दहा वर्षे त्या कंपनीत एकमेव कृष्णवर्णीय स्त्री होत्या आणि २०१२ मध्ये नडगीच्या हाडाला तडे गेलेले असताना त्यांनी ‘फायरबर्ड’ची प्रमुख भूमिका केली. जून २०१५ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्यांनी ‘स्वान लेक’ केले, तेव्हा पुष्पगुच्छ घेऊन रंगमंचावर आलेल्यांत लॉरेन अँडरसन आणि ऐंशी वर्षांच्या रेव्हन विल्किन्सन होत्या.

युरोपातील जुन्या संस्थांत हा प्रश्न उघडपणे मांडला गेला तो अगदी अलीकडे. ‘ला बायादेर’चा उल्लेख वर आला आहे; ही कथा भारतातील एका देवदासीची, पण तिच्यातला भारत पेतिपा यांनी कल्पनेने उभा केलेला. त्यात लहान मुलांचे एक नृत्य आहे, ज्यासाठी मुलांचे चेहरे आणि अंग काळ्या रंगाने माखण्याची प्रथा होती. पॅरिस ऑपेराने ती २०१५ मध्ये बंद केली आणि नृत्याचे अपमानास्पद नावही बदलले. मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरमधील अशाच प्रथेवर कोपलंड यांनी २०१९ मध्ये जाहीर टीका केली, तेव्हा त्या थिएटरने आपल्या परंपरेचे समर्थन केले. बर्लिनच्या राष्ट्रीय बॅलेत क्लोए लोपेस गोम्स या फ्रेंच नर्तिकेने २०२० मध्ये उघड केले की ‘स्वान लेक’च्या समूहासाठी त्यांना अंगाला पांढरा रंग लावायला सांगितले जात होते. मासीन यांनी कॉलिन्स यांच्यासमोर तीच अट ठेवली होती, त्याला तोवर ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्याच वर्षी पॅरिस ऑपेरातील कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय कर्मचाऱ्यांनी जाहीरनामा काढला, त्यावर २०२१ मध्ये इतिहासकार पाप एन्दियाय आणि कॉन्स्तांस रिव्हिएर यांचा अहवाल आला, आणि ११ मार्च २०२३ रोजी दक्षिण कोरियातील सोलमधील ‘जिझेल’च्या प्रयोगानंतर पॅरिस ऑपेराचे गिय्योम दियोप यांना ‘एत्वाल’ हा सर्वोच्च दर्जा देण्यात आला. त्या संस्थेच्या तीन शतकांहून मोठ्या इतिहासात हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय नर्तक आहेत. पुरुष आधी, हा क्रम इथेही चुकला नाही.

हार्लेमच्या पहिल्या पिढीतील लिडिया अबार्का, शीला रोहन, गेल मॅकिनी-ग्रिफिथ, मार्सिया सेल्स आणि कार्लिया शेल्टन यांनी अलीकडे आपल्या जुन्या शाळेच्या रस्त्याचे नाव देऊन एक परिषद स्थापन केली आहे. अबार्का कंपनीच्या पहिल्या प्रमुख नर्तिका होत्या. १९७५ मध्ये एका आघाडीच्या नृत्यमासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र आले होते. पुढे त्यांच्या स्वतःच्या कुटुंबातल्या मुलांनाही शाळेत कृष्णवर्णीय बॅलेचा इतिहास म्हणजे २०१५ नंतरचा इतिहास असेच ऐकायला मिळत होते. म्हणून या पाचजणींनी आपली छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका आणि आठवणी जमवून नव्या विद्यार्थ्यांपुढे ठेवायला आणि ज्यांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत अशा सहकाऱ्यांचा शोध घ्यायला सुरुवात केली.